वेदनाशामके आणि जठराचा व्रण: पहिल्या गोळीआधीचे प्रश्न

गुडघे, कंबर, दाढ, काहीही दुखले तरी गोळी रिकाम्या पोटी घेऊ नये, हा सल्ला आपल्याकडे घरोघरी दिला जातो. भाकरीचा तुकडा, दोन बिस्किटे, अर्धा कप दूध, काहीतरी पोटात ढकलायचे आणि मग गोळी. सल्ल्यामागची काळजी खरी आहे आणि काहींची जळजळ त्याने कमीही होते. पण या गोळ्यांमुळे जठरात पडणारा व्रण, ज्याला आपण अल्सर म्हणतो, खाऊन गोळी घेतल्याने टळतो असे दाखवणारा भक्कम पुरावा नाही. गोळी जठरात कुठे पडते यापेक्षा ती रक्तात शिरून काय करते याने नुकसान जास्त होते, हे त्याचे कारण. ते एकदा समजले की बचावाचा सगळा विचारच बदलतो. गोळी घेणारा माणूस कोण आहे, त्याचे वय काय, पूर्वी त्याला काय झाले होते, सोबत कोणती औषधे चालू आहेत, यावर बचाव ठरवावा लागतो आणि तो पहिल्या गोळीच्या आधी ठरवावा लागतो. पोट काही तक्रार करेल, मग पाहू, असे म्हणून थांबणे या आजारात फार महागात पडते.

येथे चर्चा आहे ती दाहशामक वेदनाशामकांची. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, एसेक्लोफिनॅक, नॅप्रोक्सेन, इंडोमेथॅसिन, पायरॉक्सिकॅम, केटोरोलॅक, मेफेनॅमिक ॲसिड ही त्या कुळातली नावे. पॅरासिटामॉल या कुळात बसत नाही. ते ताप आणि वेदना कमी करते, दाह जवळजवळ नाही, आणि नेहमीच्या मात्रेत जठराला फारशी इजा करत नाही. हा फरक औषधाच्या दुकानात मात्र पुसला जातो, कारण कितीतरी गोळ्यांमध्ये पॅरासिटामॉल आणि दाहशामक औषध एकत्र असते, आणि पाकिटावर ठळक दिसते ते ब्रँडचे नाव. आत काय आहे ते मागच्या बाजूला, बारीक अक्षरांत, बहुधा इंग्रजीत.

ॲस्पिरिन बाजारात आले १८९९ साली. ते पोटाला त्रास देते हे रुग्णांना लवकरच कळले होते, पण जठराच्या आत नेमके काय होते ते पाहण्याची सोय नव्हती. १९३८ मध्ये डाउथवेट आणि लिंटॉट या दोन इंग्रज डॉक्टरांनी त्या काळच्या जठरदर्शक दुर्बिणीतून पाहिले आणि ॲस्पिरिननंतर अस्तर लाल होते, त्यातून रक्त पाझरते, अशी निरीक्षणे प्रसिद्ध केली. तेव्हाचा समज सरळ होता: औषध आम्ल आहे, ते अस्तराला चिकटते आणि भाजते. यात तथ्य आहेच. ही बहुतेक औषधे सौम्य आम्ले आहेत. जठराच्या तीव्र आम्लात ती विद्युतभाररहित रूपात राहतात, त्यामुळे पेशीच्या आवरणातून सहज आत शिरतात. आत गेल्यावर तिथल्या उदासीन वातावरणात त्यांचे रूप बदलते आणि ती तिथेच अडकून पडतात. अडकलेले औषध पेशीची ऊर्जा तयार करण्याची यंत्रणा बिघडवते. पृष्ठभागावरचा पाणी आणि आम्ल दूर ठेवणारा स्निग्ध थरही ते विस्कटते. पण नुसते भाजणेच असते, तर गोळीवर आतड्यात विरघळणारे कवच चढवून किंवा औषध इंजेक्शनने देऊन प्रश्न सुटला असता. तो सुटला नाही. इंजेक्शनने किंवा गुदद्वारातून दिलेल्या औषधानेही अल्सर होतात, आणि कवच असलेल्या ॲस्पिरिनने रक्तस्रावाचा धोका साध्या ॲस्पिरिनपेक्षा कमी होत नाही, हे १९९६ च्या एका मोठ्या तुलनात्मक अभ्यासात दिसले. कवचाच्या गोळीवर आजही अनेकांची श्रद्धा आहे. ती आता सोडायला हवी.

कोडे उलगडले १९७१ मध्ये. लंडनमध्ये काम करणाऱ्या जॉन व्हेन यांनी दाखवले की ॲस्पिरिन आणि त्याच्यासारखी औषधे शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाचे पदार्थ तयार होऊ देत नाहीत. या कामासाठी १९८२ चे नोबेल पारितोषिक त्यांना बर्गस्ट्रॉम आणि सॅम्युएलसन यांच्यासोबत मिळाले. सुजलेल्या सांध्यात प्रोस्टाग्लँडिन वेदना आणि दाह वाढवतात. जठरात तेच पदार्थ रक्षण करतात. जठरातले आम्ल मांस पचवण्याइतके तीव्र असते, आणि जठर स्वतः मांसाचेच आहे. ते स्वतःला पचवत नाही, कारण अस्तरावर चिकट श्लेष्माचा थर असतो, त्या थरात आम्ल मारणारे बायकार्बोनेट झिरपत असते, खालून भरपूर रक्तपुरवठा चालू असतो आणि झिजलेल्या पेशींच्या जागी सतत नव्या पेशी येत असतात. शेणाने सारवलेली जमीन जशी पुन्हा पुन्हा सारवावी लागते, तसे हे अस्तर अखंड दुरुस्त होत असते, आणि त्या दुरुस्तीचा हुकूम देणारे पदार्थ म्हणजे प्रोस्टाग्लँडिन. औषधाने ते आटले की श्लेष्मा पातळ होतो, बायकार्बोनेट घटते, रक्तप्रवाह मंदावतो, पांढऱ्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतीला चिकटू लागतात. एरवी तासाभरात भरून येणारा ओरखडा मग भरून येत नाही आणि त्यावर आम्लाचे काम सुरू राहते. वेदना कमी करणारी आणि जठर उघडे पाडणारी क्रिया एकच आहे. म्हणूनच ‘पोटाला अजिबात न लागणारे’ तीव्र दाहशामक शोधण्यात इतकी वर्षे गेली.

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला या शोधाला नवी दिशा मिळाली. प्रोस्टाग्लँडिन बनवणारे एन्झाइम एक नसून दोन आहेत असे कळले. पहिले, कॉक्स-१, जठर, मूत्रपिंड आणि रक्तातल्या प्लेटलेटमध्ये कायम काम करत असते. दुसरे, कॉक्स-२, मुख्यतः दाह झाल्यावर जागे होते. ही विभागणी पुढे वाटली तितकी स्वच्छ निघाली नाही, पण मुख्य रेषा खरी होती. जुनी औषधे दोन्हींना अडवतात. ॲस्पिरिन तर कॉक्स-१ ला कायमचे निकामी करते. प्लेटलेटला केंद्रक नसल्याने ती नवे एन्झाइम बनवू शकत नाही, म्हणून तिच्या सात ते दहा दिवसांच्या आयुष्यात ती पुन्हा नीट चिकटत नाही. हृदयविकारात याच गुणाचा उपयोग होतो आणि जठरात याच गुणाने घात होतो: व्रण पडतो, आणि तिथून वाहणारे रक्त लवकर थांबत नाही. ७५ मिलीग्रॅमची छोटी गोळी जठराला निरुपद्रवी आहे असे वाटणे म्हणूनच चुकीचे. तिचा धोका मोठ्या मात्रेपेक्षा कमी असतो, पण असतो.

आता या लेखाच्या मुख्य मुद्द्याकडे येतो: हा आजार सूचना देत नाही. दीर्घकाळ ही औषधे घेणाऱ्यांची दुर्बिणीने तपासणी केली, तर साधारण १५ ते ३० टक्के लोकांत व्रण सापडतो, आणि त्यांतल्या अनेकांना काहीही होत नसते. उलट ज्यांचे पोट जळते, त्यांतल्या अनेकांचे अस्तर धड असते. म्हणजे जळजळ आणि व्रण यांची सांगड फार सैल आहे. ब्रिटनमधल्या १९८७ च्या एका अभ्यासात, ही औषधे घेत असताना रक्तस्राव किंवा जठर फुटण्यासारखा जीवघेणा प्रसंग ओढवलेल्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक जणांना आधी पोटाची कोणतीही तक्रार नव्हती. पहिली खूण असते ती थेट डांबरासारखी काळी, चिकट शौच, कॉफीच्या गाळासारखी उलटी, किंवा उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी. वेदनाशामक आपले काम चोख करत असल्याने व्रणाचे दुखणेही दबत असावे, हे एक संभाव्य स्पष्टीकरण आहे. वयस्कर लोकांत तर शरीराची तक्रार करण्याची रीतच मंद झालेली असते. अशा वेळी ‘मला कधी ॲसिडिटी होत नाही, मला ही गोळी पचते’ हे वाक्य दिलासा देते, संरक्षण देत नाही.

त्याहून पुढची गोष्ट म्हणजे तक्रार दाबण्याची आपली सवय. गोळीने जळजळ झाली की गुलाबी औषधाचे दोन चमचे किंवा, परवापरवापर्यंत, आम्ल कमी करणारी रॅनिटिडीनची गोळी. रॅनिटिडीनने ड्युओडेनम म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातले व्रण काही प्रमाणात टळतात, नेहमीच्या मात्रेत जठरातले टळत नाहीत, आणि या औषधांनी बहुतेक व्रण जठरात होतात. अमेरिकेतल्या संधिवाताच्या रुग्णांवरच्या १९९६ च्या एका निरीक्षणात आणखी अस्वस्थ करणारी गोष्ट दिसली: पोटाची तक्रार नसताना अँटासिड किंवा रॅनिटिडीनसारखी औषधे घेणाऱ्यांत गंभीर गुंतागुंत न घेणाऱ्यांपेक्षा जास्त होती. निरीक्षणातून कारण सिद्ध होत नाही, हे मान्य. पण जळजळ शमली म्हणजे अस्तर वाचले, ही समजूत त्यानंतर टिकवता येत नाही.

मग धोका कोणाला हे कसे ओळखायचे? इथे पुरावा उदार आहे. १९९५ मध्ये मिसोप्रोस्टॉल या औषधाची चाचणी संधिवाताच्या ८,८४३ रुग्णांवर प्रसिद्ध झाली. मिसोप्रोस्टॉल म्हणजे हरवलेल्या प्रोस्टाग्लँडिनची कृत्रिम भरपाई. सहा महिन्यांत गंभीर गुंतागुंत नकली गोळी घेणाऱ्यांत ०.९५ टक्के आणि मिसोप्रोस्टॉल घेणाऱ्यांत ०.५७ टक्के झाली, म्हणजे सुमारे ४० टक्के घट. औषध उपयोगी ठरले, पण जुलाब आणि पोटातल्या कळांमुळे कितीतरी रुग्णांनी ते सोडले, आणि गर्भपात घडवण्याच्या गुणामुळे गर्भवतींना ते देता येत नाही. मला या चाचणीतला दुसरा आकडा जास्त महत्त्वाचा वाटतो. ७५ वर्षांवरचे वय, पूर्वीचा अल्सर, पूर्वीचा रक्तस्राव आणि हृदयविकार या चारांपैकी एकही नसलेल्या रुग्णाचा सहा महिन्यांचा धोका सुमारे ०.४ टक्का होता. चारही असलेल्याचा सुमारे ९ टक्के. एकच गोळी, एकच कालावधी, आणि दोन माणसांतला फरक वीसपटींहून जास्त. ‘या गोळीने अल्सर होतो का?’ या प्रश्नाला सगळ्यांसाठी एक उत्तर नाही.

धोका वाढवणाऱ्या गोष्टींत सर्वांत वजनदार म्हणजे पूर्वी अल्सर किंवा रक्तस्राव झालेला असणे. त्यानंतर वय, विशेषतः ६५ च्या पुढे. मग औषधाची मोठी मात्रा, एकाच वेळी दोन दाहशामके, सोबत ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा वॉरफरिनसारखी रक्त पातळ करणारी औषधे, स्टेरॉइड, आणि नैराश्यावरची काही औषधेही. स्टेरॉइड एकटे जठराला तितके घातक नाही, पण दाहशामकासोबत आले की धोका कैक पटींनी वाढतो. आपल्याकडे ही जोडी नकळत जुळते. सांधेदुखीवर ‘शुद्ध देशी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या चूर्णांत आणि गोळ्यांत स्टेरॉइड आणि वेदनाशामक मिसळलेली अनेकदा सापडली आहेत, आणि ते चूर्ण घेणारी आजी दवाखान्यातून डायक्लोफिनॅकही घेत असते. दोन दाहशामके एकत्र येणे तर अगदीच सोपे आहे: हाडांच्या डॉक्टरांनी एका नावाने दिलेले, दाताच्या डॉक्टरांनी दुसऱ्या नावाने दिलेले, आणि डोकेदुखीसाठी घरात असलेले तिसरे. वेदना त्याने तिप्पट कमी होत नाही. इजा मात्र वाढत जाते.

हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूचा उल्लेख टाळता येणार नाही. वॉरन आणि मार्शल यांनी १९८० च्या दशकात तो अल्सरचे कारण असल्याचे दाखवले आणि २००५ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. भारतात मोठ्या संख्येने प्रौढांच्या जठरात हा जिवाणू असतो. जिवाणू आणि गोळी एकत्र आल्यास धोका कुठल्याही एकापेक्षा जास्त, हे २००२ च्या एकत्रित विश्लेषणात स्पष्ट झाले. हाँगकाँगमध्ये १९९७ साली केलेल्या एका छोट्या चाचणीत नॅप्रोक्सेन सुरू करण्याआधी जिवाणू मारला, तेव्हा आठ आठवड्यांत अल्सर ७ टक्के रुग्णांत झाले. न मारता २६ टक्के. पण आधीपासून वर्षानुवर्षे गोळ्या घेणाऱ्यांत नुसता जिवाणू मारून तसा फायदा दिसला नाही. याचाही अर्थ तोच निघतो: ज्याला दीर्घकाळ गोळी लागणार आहे आणि पूर्वी अल्सर झालेला आहे, त्याची तपासणी सुरुवातीलाच व्हावी.

औषधा-औषधांतही फरक आहे. शेकडो चाचण्यांच्या २०१३ च्या मोठ्या एकत्रित विश्लेषणात जठराच्या गंभीर गुंतागुंतींचा धोका डायक्लोफिनॅक आणि कॉक्स-२ निवडक औषधांनी सुमारे दुप्पट, तर मोठ्या मात्रेतल्या आयब्युप्रोफेन आणि नॅप्रोक्सेनने सुमारे चौपट झालेला दिसला. आयब्युप्रोफेन दिवसाला १,२०० मिलीग्रॅमपर्यंत आणि थोडे दिवस घेतले, तर ते या कुळातल्या सौम्य औषधांत मोडते. पायरॉक्सिकॅम आणि केटोरोलॅक दुसऱ्या टोकाला. केटोरोलॅकची कमाल मुदत पाच दिवस आहे, पण पाण्यात विरघळणारी ती गोळी दाढदुखीसाठी आपल्याकडे सर्रास, चिठ्ठीशिवाय, मागून घेतली जाते. यांतली अनेक औषधे कायद्याने डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायची आहेत, हे त्या पाकिटावरच छापलेले असते.

म्हणून बचावाची पहिली पायरी म्हणजे ही गोळी लागतेच का हे विचारणे. गुडघ्याच्या किंवा हाताच्या सांध्यांच्या झिजेत डायक्लोफिनॅकचे जेल हा पर्याय आपण फारच कमी वापरतो. त्यातून रक्तात जाणारे औषध गोळीच्या मानाने सुमारे ६ टक्के असते आणि सांध्याला आराम मात्र चांगला मिळतो. मांडीचे स्नायू बळकट करणारे व्यायाम आणि वजन कमी करणे यांना चमकदार जाहिरात नाही, पण गुडघ्याच्या बाबतीत त्यांच्यामागे पुरावा आहे. गोळी लागलीच तर एकच औषध, कमीत कमी मात्रा, कमीत कमी दिवस. धोका पहिल्या महिन्यात ठळक असतो आणि गोळी चालू असेपर्यंत राहतो. ‘आता अंगवळणी पडली’ असे काही नसते. तापात तर आपल्या भागात आणखी एक कारण आहे. पावसाळ्यात डेंग्यूची शक्यता असताना दाहशामक घेतल्यास रक्तस्रावाची भीती वाढते, म्हणून निदान होईपर्यंत पॅरासिटामॉलच. २००६ मध्ये महाराष्ट्रात चिकुनगुन्याची मोठी साथ आली. अशा साथीतला ताप उतरल्यावरही सांधे महिनोन्महिने धरलेले राहतात, आणि तेव्हा तापासाठी सुरू झालेली गोळी मुदतीशिवाय चालूच राहते. अशा वेळी चिठ्ठीवर थांबण्याची तारीख असायला हवी.

इथे एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. उकिडवे बसून दिवसभर निंदणी करणाऱ्या बाईला जेल आणि व्यायाम सांगणे सोपे. तिला उद्या कामावर जायचे आहे, आणि पॅरासिटामॉलने झिजलेल्या गुडघ्याला फार फरक पडत नाही हे अभ्यासही सांगतात. मी हे पूर्ण मान्य करतो. वेदना ही क्षुल्लक गोष्ट नाही आणि दाहशामके प्रभावी आहेत म्हणूनच ती इतकी वापरली जातात. संधिवातात किंवा मणक्याच्या दाहात तर ती उपचाराचा भाग आहेत. ती बंद करावीत असे या लेखाचे म्हणणे नाही. ज्याला ती लागणार आहेत आणि ज्याचा धोका मोठा आहे, त्याला संरक्षणासह ती मिळावीत, एवढेच म्हणणे आहे.

संरक्षणाचे दोन मार्ग आज भक्कम पायावर उभे आहेत. पहिला, आम्ल तयार करणारे पंप बंद करणारी औषधे: ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोल, रॅबेप्राझोल, इसोमेप्राझोल. प्रोस्टाग्लँडिन परत आणणे त्यांना जमत नाही, पण उघड्या पडलेल्या अस्तरावरचा मारा ती थांबवतात. १९९८ च्या दोन मोठ्या चाचण्यांत ओमेप्राझोल हे रॅनिटिडीनपेक्षा सरस आणि मिसोप्रोस्टॉलपेक्षा सुसह्य ठरले. जेवणाआधी अर्धा तास घेतले तरच त्यांचा पूर्ण उपयोग होतो, कारण पंप जेवताना जागे होतात. दुसरा मार्ग म्हणजे कॉक्स-२ निवडक औषधे. त्यांची कहाणी कडवट आहे. २००० च्या एका चाचणीत रोफेकॉक्सिबने नॅप्रोक्सेनच्या तुलनेत जठराच्या घटना १०० रुग्णांमागे वर्षाला ४.५ वरून २.१ वर आणल्या, पण हृदयविकाराचे झटके ०.१ टक्क्यावरून ०.४ टक्क्यावर गेले. २००४ मध्ये ते औषध जगभरातून मागे घेतले गेले. त्यानंतर या वर्गाविषयी जी धास्ती बसली, ती आजही अनेकांच्या मनात सरसकट आहे. २०१६ च्या २४,०८१ रुग्णांच्या चाचणीत याच वर्गातले सेलेकॉक्सिब मध्यम मात्रेत हृदयाच्या बाबतीत नॅप्रोक्सेन आणि आयब्युप्रोफेनपेक्षा वाईट ठरले नाही. आणि विसरू नये की २०१३ च्या त्याच विश्लेषणात डायक्लोफिनॅकचा हृदयावरचा धोका कॉक्सिबच्या जवळपास निघाला. ज्याला सेलेकॉक्सिब ‘हृदयाला वाईट’ म्हणून नाकारले जाते, त्याला बदल्यात डायक्लोफिनॅक दिले जात असेल, तर त्या निर्णयात तर्क उरत नाही. नुकताच हृदयविकार झालेल्याला मात्र यांतले कोणतेही औषध देणे शक्यतो टाळावे.

सर्वांत मोठा धोका असलेल्यांसाठी, म्हणजे पूर्वी रक्तस्राव झालेल्यांसाठी, हाँगकाँगच्या फ्रान्सिस चान यांच्या गटाचे काम मोलाचे आहे. २००२ मध्ये त्यांनी दाखवले की एकटे सेलेकॉक्सिब आणि डायक्लोफिनॅकसोबत ओमेप्राझोल हे दोन्ही जवळपास सारखेच: सहा महिन्यांत पुन्हा रक्तस्राव ४.९ आणि ६.४ टक्के. दोन्ही पुरेसे नाहीत. २००७ मध्ये त्यांनी सेलेकॉक्सिब आणि इसोमेप्राझोल दोन्ही एकत्र दिले; वर्षभरात पुन्हा रक्तस्राव झालेला एकही रुग्ण नव्हता, तर एकट्या सेलेकॉक्सिबवर ८.९ टक्के. एवढा स्पष्ट निकाल वैद्यकात क्वचित मिळतो.

मग सगळ्यांनाच सोबत पित्ताची गोळी का देऊ नये? आपल्याकडे प्रत्यक्षात तेच चालते. ताप असो, सर्दी असो, वेदनाशामकासोबत एक पॅन्टोप्राझोल ठरलेले. औषध स्वस्त आहे, भीती कशाला घ्यायची, असा युक्तिवाद होतो. त्यात थोडे बळ आहे, कारण या पंपबंद औषधांच्या दीर्घकालीन दुष्परिणामांविषयी जी भीती पसरली ती बरीचशी निरीक्षणांवर आधारित होती, आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १७,५९८ रुग्णांच्या चाचणीत सुमारे तीन वर्षांनी आतड्याच्या संसर्गातली थोडी वाढ (१.० वरून १.४ टक्के) सोडता ठळक अपाय दिसला नाही. पण त्याच चाचणीत, सरसकट दिल्यावर, वरच्या पचनमार्गाच्या एकूण घटनांतही लक्षणीय घट दिसली नाही. कमी धोक्याच्या माणसाला संरक्षण दिले की वाचवण्यासारखे फार थोडे असते. दुसरे, ही गोळी जठर आणि ड्युओडेनमपुरतीच राखण करते. पुढच्या लहान आतड्यात आम्ल नसतेच. निरोगी माणसांना दोन आठवडे नॅप्रोक्सेन आणि ओमेप्राझोल देऊन कॅप्सूल कॅमेऱ्याने पाहिले, तेव्हा ५५ टक्के जणांच्या लहान आतड्यात जखमा होत्या. सेलेकॉक्सिबवर १६ टक्के, नकली गोळीवर ७ टक्के. तिथून रक्त थेंबाथेंबाने जाते, शौच काळी होत नाही, फक्त हिमोग्लोबिन उतरत राहते. आधीच रक्त कमी असलेल्या आपल्या बायकांमध्ये हे कोणाच्या लक्षातही येत नाही. २०१० च्या ४,४८४ रुग्णांच्या चाचणीत संपूर्ण पचनमार्गाचा हिशेब धरला, तेव्हा डायक्लोफिनॅक अधिक ओमेप्राझोलवर ३.८ टक्के घटना झाल्या आणि सेलेकॉक्सिबवर ०.९ टक्के.

सरसकट वाटपाचा खरा तोटा मला वेगळाच वाटतो. सगळ्यांना दिली की कोणाला ती खरोखर हवी हा विचार थांबतो. विशीतल्या मुलाला तीन दिवसांच्या पाठदुखीसाठी ती मिळते, आणि हृदयासाठी रोज ॲस्पिरिन घेणारे सत्तरीचे आजोबा दुकानातून गुडघ्यासाठी आणलेली गोळी एकटीच घेतात. शिवाय आपल्याकडे ती बहुधा डॉम्पेरिडोनसोबत येते. डॉम्पेरिडोन मळमळीचे औषध आहे, अल्सर टाळण्यात त्याचे काही काम नाही, आणि वयस्करांत हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवण्याचा धोका त्याला आहे. ज्या वयात जठराला राखण हवी, त्याच वयात हे नको असलेले औषध सोबत जाते.

डॉक्टरांना वेळ नसतो, हाही आक्षेप आहे. पण लागणारे प्रश्न मोजके आहेत. वय किती; पूर्वी अल्सर झाला होता का, काळी शौच, रक्ताची उलटी झाली होती का; रक्त पातळ करणारी किंवा हृदयाची गोळी चालू आहे का; स्टेरॉइड, चूर्ण, दुसरी वेदनाशामक गोळी घेता का. औषधविक्रेताही हे विचारू शकतो. उत्तरांत एकही ‘हो’ नसेल, तर थोड्या दिवसांसाठी साधी गोळी पुरे. एखादे ‘हो’ असेल, तर पंपबंद औषध सोबत किंवा सेलेकॉक्सिब. पूर्वी रक्तस्राव झाला असेल आणि गोळी टाळताच येत नसेल, तर दोन्ही. हृदयासाठी ॲस्पिरिन घेणाऱ्याने आयब्युप्रोफेन आपल्या मनाने जोडू नये. ते ॲस्पिरिनला प्लेटलेटवर बसू देत नाही, त्यामुळे हृदयाचे संरक्षण घटते, आणि दोन्ही एकत्र आल्याने जठराचा धोकाही वाढतो.

राहिला प्रश्न ज्यांना रक्तस्राव होऊन गेला त्यांचा. रक्तस्राव ॲस्पिरिनने झाला म्हटले की घरचे ती गोळी कायमची बंद करतात, आणि हे समजण्यासारखे आहे. पण हृदयविकार किंवा पक्षाघात होऊन गेलेल्या माणसात हा निर्णय घातक ठरू शकतो. हाँगकाँगमधल्या २०१० च्या चाचणीत अल्सरच्या रक्तस्रावावर दुर्बिणीने उपचार झाल्यावर १५६ रुग्णांपैकी काहींना ॲस्पिरिन लगेच पुन्हा दिले, काहींना नकली गोळी. पंपबंद औषध दोन्हींना होते. महिनाभरात पुन्हा रक्तस्राव ॲस्पिरिनवर १०.३ टक्के आणि नकली गोळीवर ५.४ टक्के. आठ आठवड्यांतले मृत्यू मात्र उलटे: ॲस्पिरिनवर १.३ टक्के, नकली गोळीवर १२.९ टक्के. चाचणी लहान आहे, पण तिची दिशा पुढच्या मार्गदर्शक तत्त्वांनी स्वीकारली आहे. अशा रुग्णाचे ॲस्पिरिन रक्त थांबल्यावर काही दिवसांतच, पंपबंद औषधासह, पुन्हा सुरू करतात. ज्याला कधी हृदयविकार झालाच नाही आणि जो निव्वळ खबरदारी म्हणून ॲस्पिरिन घेत होता, त्याची गोष्ट वेगळी. त्याने ते रक्तस्रावानंतर बंदच ठेवावे. या दोन माणसांतला फरक घरच्यांना दिसत नाही, त्यामुळे रुग्णालयातून घरी सोडतानाच्या कागदावर तो लिहिलेला हवा: गोळी कोणत्या तारखेला पुन्हा सुरू करायची, कोणती सोबत घ्यायची आणि कोणती कधीच नाही.